चौघांनी मिळून खेळायचा भीतीचा गेम: मूल घाबरले आहे की आजारी आहे?

दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत जामनेरच्या माझ्या दवाखान्यात एक ठरावीक तक्रार वाढते. बारा ते सतरा वर्षांचे मूल, सोबत आई किंवा आजी. रात्री छाती धडधडते, झोपेत ओरडतो, सकाळी दहा वाजेपर्यंत उठत नाही, जेवणावर लक्ष नाही. थोडे बोलणे झाले की आजी आवाज खाली आणून विचारते, "डॉक्टर, ह्याले काही बाहेरचं तं नाही लागलं ना?" आणि मूल खाली मान घालून बसलेले असते, कारण त्याला ठाऊक असते की रात्री दोनपर्यंत तो मित्रांबरोबर झोंबी मारत होता.

अशा बहुतेक मुलांना काहीही आजार नसतो. पण काही थोड्यांना असतो, आणि तो नेमका या गेमच्या वेळीच पहिल्यांदा दिसतो. "गेममुळे घाबरला" असे म्हणून तो आजार नजरेआड होऊ शकतो. एकदा माझ्याकडूनही तसेच होणार होते. तो प्रसंग पुढे सांगतो. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून या लेखातले काही तपशील बदलले आहेत.

हे गेम असतात तरी कसे?

पालकांना हे माहीत असणे उपयोगाचे आहे, कारण उपाय त्यातूनच निघतो. भीतीच्या वातावरणात, मोजक्या गोळ्या आणि मोजकी औषधे घेऊन जीव वाचवायचा, अशा गेमना 'सर्व्हायव्हल हॉरर' म्हणतात. जपानच्या कॅपकॉम कंपनीच्या १९९६ सालच्या 'रेसिडेंट ईव्हिल'मुळे हा प्रकार जगभर पोहोचला. तेव्हा तो एकट्याने खेळायचा होता. २००९ मध्ये आलेला त्याचा पाचवा भाग मात्र दोघांनी मिळून खेळायचा झाला. एक जण पडला की दुसऱ्याने थोड्या वेळात धावत जाऊन त्याला उठवायचे. जोडीदार मेला तर दोघांचाही डाव संपतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हॉल्व्ह कंपनीचा 'लेफ्ट फोर डेड २' आला. आधीच्या वर्षीच्या पहिल्या भागाचा हा पुढचा भाग. यात चार जण एकत्र असतात. एकटा पुढे गेला तर झोंबी त्याला घेरतात आणि साथीदारांनी सोडवल्याशिवाय बऱ्याचदा सुटका होत नाही. गेम जुना असल्यामुळे साध्या कॉम्प्युटरवरही चालतो. आमच्याकडच्या पोरांमध्ये तो अजून टिकून आहे, त्याचे एक कारण हेच असावे.

आता 'पोर्ट' हा शब्द. एका यंत्रासाठी बनवलेला गेम दुसऱ्या यंत्रावर चालेल असा करून देणे म्हणजे पोर्ट. 'रेसिडेंट ईव्हिल ५' आधी प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर होता, पुढे कॉम्प्युटरवर आला, २०१६ मध्ये नव्या प्लेस्टेशनवर आणि २०१९ मध्ये निन्टेंडो स्विचवर. मुलांना यात फक्त चित्र किती छान दिसते हे महत्त्वाचे वाटते. डॉक्टर म्हणून मला दुसरेच दिसते. कॉम्प्युटर टेबलावर असतो. कन्सोल बैठकीतल्या मोठ्या टीव्हीला जोडलेला असतो, चित्र भिंतभर, आवाज मोठा आणि हातातला कंट्रोलर थरथरणारा. स्विच तर हातात धरून गोधडीखाली खेळता येतो. गेम तोच असला तरी डोळ्यांवर पडणारा उजेड, कानावर पडणारा आवाज आणि झोपेवर होणारा परिणाम यंत्राप्रमाणे बदलतो. म्हणून मी मुलाला नेहमी विचारतो, "कशावर खेळतोस? कुठे बसून?"

आणि हो, हे दोन्ही गेम परदेशी वर्गवारीत सतरा-अठरा वर्षांपुढच्यांसाठी आहेत. 'लेफ्ट फोर डेड २' ऑस्ट्रेलियात २००९ मध्ये रक्तपाताची दृश्ये कापूनच विकायला परवानगी मिळाली होती. मूळ रूपात तो तिथे २०१४ मध्ये आला, तोही प्रौढांसाठी म्हणून. आपल्याकडे बारा वर्षांचा मुलगा तो दादाच्या लॅपटॉपवर खेळतो आणि घरात कोणाला पत्ताही नसतो.

भीतीने शरीरात काय होते?

शेतात अचानक साप दिसला की जे होते तेच होते. मेंदूतला धोका ओळखणारा भाग आधी जागा होतो, विचार करणारा भाग मागून येतो. अॅड्रेनलिन रक्तात उतरते, नाडी शंभरच्या वर जाते, तळहात घामेजतात, पोटात गोळा येतो. शांत बसल्यावर काही मिनिटांत सगळे ओसरते. निरोगी मुलाच्या हृदयाला यात धोका नसतो. झाडावरून विहिरीत उडी टाकणाऱ्या पोराचे हृदय याहून जास्त धावते.

'लेफ्ट फोर डेड'च्या दोन्ही भागांत मात्र एक खास युक्ती आहे. खेळाडूंवर किती ताण आला आहे याचा अंदाज गेम स्वतः घेत असतो: किती मार बसला, झोंबी किती जवळ आले, वगैरे. बनवणाऱ्यांनी या यंत्रणेला 'डायरेक्टर' असे नाव दिले आहे. ताण शिगेला पोहोचला की ती झोंबी कमी करते, अर्धा-पाऊण मिनिट उसंत देते आणि पुन्हा चढवत नेते. झोंबी दर वेळी वेगळ्या ठिकाणी येतात, त्यामुळे पाठ करून खेळता येत नाही. शरीर पूर्ण शांत होण्याआधीच पुढची लाट आलेली असते. असे दोन-तीन तास चालले आणि त्यानंतर लगेच अंथरुणावर पडले तर झोप कशी लागणार? तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, सहा ते बारा वर्षांच्यांना नऊ ते बारा. दोन वाजता झोपून सातला शाळेसाठी उठणाऱ्याची निम्मी झोप बुडते. धडधड, चिडचिड, डोके दुखणे, अभ्यास न सुचणे ही लक्षणे भीतीपेक्षा या बुडालेल्या झोपेची जास्त असतात.

काही मुलांना हे गेम खेळताना मळमळते, घेरी येते. चित्र हलते आणि शरीर स्थिर असते, त्यामुळे घाटात गाडी लागते तसाच हा प्रकार आहे. खेळणे थांबवले की जातो.

"छातीवर कोणी तरी बसलं होतं"

नववीतला एक मुलगा. पहाटे जाग आली, डोळे उघडे, खोली दिसते आहे, पण हातपाय हलत नाहीत, तोंडातून आवाज फुटत नाही आणि दाराशी कोणी तरी उभे आहे असे वाटते. आठवड्यात तीनदा झाले. घरच्यांनी भगताकडून उतारा करून आणला. मुलगा त्याने जास्तच घाबरला, कारण त्याला वाटू लागले की गेममधलेच काही तरी मागे लागले आहे.

याला झोपेतला पक्षाघात म्हणतात. नावात पक्षाघात असला तरी लकव्याशी त्याचा संबंध नाही. स्वप्ने पडण्याच्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू बंद ठेवतो, नाही तर आपण स्वप्नात धावताना खरेच धावलो असतो. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायू मागून सुटतात. मधले काही सेकंद, फार तर एक-दोन मिनिटे, माणूस जागा असून हलू शकत नाही आणि अर्धवट स्वप्न डोळ्यांपुढे चालू राहते. जागरण, झोपेच्या अनियमित वेळा आणि उताणे झोपणे यांनी हे वाढते. घाबरण्यासारखे काही नाही. त्या मुलाला मी औषध दिले नाही. रात्री साडेदहाला झोपायचे, कुशीवर झोपायचे, एवढेच सांगितले आणि हे का होते ते चित्र काढून समजावले. तीन आठवड्यांत बंद झाले.

भगताबद्दल माझे मत स्पष्ट आहे. अंगारा लावून कोणाचे नुकसान होत नाही, पण दवाखाना लांबला तर होते. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मुलाला मारणे, चटके देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

लुकलुकणारा उजेड आणि फिट

अंधाऱ्या दृश्यात बंदुकीचा झगझगाट, वीज चमकणे, लाल दिव्याची उघडझाप हे या गेममध्ये सतत असते. अशा उजेडाने ज्यांना फिट येते अशी माणसे थोडी असतात, मिरगीच्या रुग्णांपैकी साधारण शंभरात तीन, पण ती बहुतेक शाळकरी वयातलीच असतात. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा उजेड सेकंदाला बारा वेळा लुकलुकला आणि ६८५ जणांना, त्यात बहुतेक मुलेच, रुग्णालयात न्यावे लागले. त्यांतल्या अनेकांना आधी कधीही फिट आली नव्हती.

म्हणून खोलीत दिवा लावूनच खेळावे, टीव्हीपासून सहा-सात फूट लांब बसावे आणि जागरणात खेळू नये. डोळ्यांपुढे विचित्र दिसू लागले किंवा हाताला झटके जाणवले तर तळहाताने एक डोळा पूर्ण झाकून तोंड वळवावे. दोन्ही डोळे नुसते मिटले तर उघडझापीचा उजेड पापण्यांतून आत जातोच. फिट आलीच तर मुलाला कुशीवर करा, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट रुग्णालय गाठा.

खेळता खेळता बेशुद्ध पडणे

या लेखातला हा भाग कृपया सावकाश वाचा.

चौदा वर्षांची मुलगी. सुटीत मामाकडे गेली होती. तिथे मामेभावंडांबरोबर मोठ्या टीव्हीवर असाच गेम चालला होता. अचानक किंकाळीचा मोठा आवाज झाला, सगळी दचकली, हसली, आणि ही कोचावरून खाली पडली. अर्ध्या मिनिटात शुद्धीवर आली. दोन दिवसांनी माझ्याकडे आणली तेव्हा ती टवटवीत होती, बीपी ठीक, नाडी ठीक. गर्दीचा दिवस होता. मी कागदावर "घाबरल्यामुळे चक्कर" असे लिहायला घेतलेसुद्धा. तेवढ्यात आई सहज म्हणाली, "अशीच मागे पण पडली होती, पहाटे मोबाइलचा अलार्म वाजला तेव्हा." मी पेन खाली ठेवला. विचारत गेलो तेव्हा कळले की तिची मावशी एकविसाव्या वर्षी झोपेत गेली होती. त्याचे कारण घरात कोणाला माहीत नव्हते.

ईसीजी काढला. त्यात 'क्यूटी' नावाचे अंतर बरेच लांबलेले होते. या जन्मजात आजाराला लाँग क्यूटी म्हणतात. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुढच्या ठोक्यासाठी विजेने पुन्हा तयार होते. या आजारात त्याला जास्त वेळ लागतो आणि त्या फटीत हृदयाची लय बिघडू शकते. त्याच्या एका प्रकारात अचानक झालेला मोठा आवाजच लय बिघडवतो: अलार्म, फोनची घंटा, गेममधली किंकाळी. दुसऱ्या एका प्रकारात पोहताना किंवा धावताना असे होते. याच जातीचा आणखी एक आजार आहे, त्यात आराम करताना काढलेला ईसीजी अगदी नॉर्मल येतो आणि दोष पट्ट्यावर चालवून काढलेल्या ईसीजीतच दिसतो.

२०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी गेम खेळताना हृदयाची लय बिघडून कोसळलेल्या २२ मुलांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध केली. बऱ्याच मुलांचा हृदयविकार तोपर्यंत कोणाला माहीतच नव्हता, आणि सर्वांत जास्त वेळा निमित्त होते ते अनेकांनी मिळून खेळायचे लढाईचे गेम. जगभर शोधून २२ सापडली, म्हणजे ही गोष्ट अतिशय दुर्मिळ आहे. सगळ्या मुलांचे ईसीजी काढत सुटायची गरज नाही. पण तुमचे मूल बेशुद्ध पडले असेल तर ते "सगळ्या मुलांमधले" राहत नाही.

साधी चक्कर कशी असते? उन्हात प्रार्थनेला बराच वेळ उभे राहिल्यावर, रक्त पाहिल्यावर, इंजेक्शनच्या वेळी येते. आधी घाम फुटतो, मळमळते, डोळ्यांपुढे अंधारी येते, मूल "मला कसं तरी होतंय" म्हणते. बसलेल्या अवस्थेत, उत्तेजित असताना, काहीही पूर्वसूचना न देता कोसळणे याच्याशी जुळत नाही. कुटुंबात कोणी चाळिशीच्या आत अचानक गेले असेल, पट्टीचा पोहणारा असून बुडाला असेल, किंवा मिरगीची औषधे घेऊनही फिट थांबत नसतील, तर ते डॉक्टरांना न विचारता सांगा. कांग नदीत किंवा विहिरीत बुडालेल्या काकाचा आणि गेम खेळताना पडलेल्या पुतणीचा संबंध असू शकतो, हे घरच्यांना सुचत नाही. आम्हालाही विचारायचे राहून जाते.

मूल कोसळले, हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही असे दिसले तर १०८ ला फोन करा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने दाबायला सुरुवात करा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. श्वास चालू असेल तर कुशीवर ठेवा.

त्या मुलीला हृदयरोगतज्ज्ञांनी रोजची एक गोळी सुरू केली, आई आणि भावाचाही ईसीजी काढला. भावाचा ठीक होता, आईचा नव्हता. आता दोघीही गोळी घेतात. एक गोष्ट मात्र त्यांना कायम सांभाळावी लागते: अॅझिथ्रोमायसिन, डोमपेरिडोन, फ्लुकोनाझोल अशी नेहमीच्या वापरातली काही औषधे त्यांना चालत नाहीत. म्हणून आजाराचे नाव लिहिलेला कागद त्या पाकिटात ठेवतात आणि कोणत्याही डॉक्टरकडे किंवा मेडिकलवर आधी तो दाखवतात. अलार्मऐवजी आता आजी उठवते.

मग गेम बंदच करायचा का?

त्या मुलीसाठी, हो. फिट आलेल्या मुलासाठी, मेंदूविकारतज्ज्ञ सांगेपर्यंत, हो. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी हे गेम नाहीतच. मोठ्या मुलांच्या बाबतीत मी बंदीच्या बाजूचा नाही. कारण असे की चौघांच्या गेममध्ये मुलाला मैत्री मिळते. एक शिकायला पुण्याला गेला, एक जळगावला, आणि रात्री सगळे तिथे भेटतात.

पण वडील येऊन वायर उपटतात तेव्हा मुलगा इतका का चवताळतो, तेही समजून घ्या. ऑनलाइन खेळ मध्येच थांबवता येत नाही. तो उठला की बाकीचे तिघे मरतात आणि दुसऱ्या दिवशी त्याला बोलणी बसतात. "आत्ताच्या आत्ता बंद कर" याऐवजी गेमच्या भाषेत बोला. 'लेफ्ट फोर डेड २' मध्ये बहुतेक टप्प्यांच्या शेवटी 'सेफ रूम' असते, लोखंडी दाराची सुरक्षित खोली. "पुढच्या सेफ रूमला थांब" असे सांगितले तर मुलगा सहसा ऐकतो, कारण तिथे कोणाचे नुकसान होत नाही. वेळ आधी ठरवा: झोपण्याच्या दीड-दोन तास आधी शेवटची सेफ रूम. यंत्र रात्री बैठकीत राहील, झोपायच्या खोलीत नाही. हेडफोनचा आवाज निम्म्यावर. सुटीतही उठायची वेळ फार हलू देऊ नका. एखाद्या संध्याकाळी शेजारी बसून खेळ बघा. मी माझ्या मुलाबरोबर बसलो होतो. पहिल्या पाच मिनिटांत मीच मेलो आणि त्यानंतर त्याने माझे इतर बाबतींतही जरा जास्त ऐकायला सुरुवात केली.

काही मुलांचे मात्र एवढ्याने भागत नाही. खेळण्यावर ताबा राहत नाही, शाळा, जेवण, मित्र सगळे मागे पडते, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही आणि हे वर्षभर चालले आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने त्याला आजार म्हटले आहे. १ जानेवारी २०२२ पासून तो तिच्या अधिकृत यादीत आहे. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीत बोलता येते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून यासाठी वेगळे क्लिनिकही आहे.

दवाखान्यात येताना

बेशुद्ध पडणे किंवा फिट एकदाच झाली असली तरी त्याच दिवशी दाखवा. खेळ थांबवून अर्धा तास झाला तरी धडधड थांबत नसेल, छातीत दुखत असेल, तरीही. जवळच्या शासकीय रुग्णालयात ईसीजीची सोय आहे का ते विचारा. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून पुढच्या मोफत तपासणीसाठी पाठवता येते, त्याचीही चौकशी करा. येताना ज्याने मुलाला पडताना पाहिले त्याला सोबत आणा, मग तो बारा वर्षांचा मामेभाऊ का असेना. कोणी मोबाइलवर चित्रण केले असेल तर ते पुसू नका. आणि मूल माझ्याशी बोलत असताना पाच मिनिटे बाहेर बसा. रात्री किती वाजेपर्यंत जागा होतो, हे ते आईसमोर खरे सांगत नाही.